विजेवरील सायकल : निवड, निगा व दुरुस्ती

पुणे, सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतील अनेक शेतकरी कुटुंबांतील एखादा तरी माणूस पोटापाण्यासाठी मुंबईत असतो. घाटकोपर हे अशा माणसांचे जुने ठिकाण. असल्फा, भटवाडी या टेकडीवरील वस्त्यांत आजही गावाकडची बोली ऐकू येते. येथील रस्ते अरुंद व चढाचे आहेत. स्टेशनवर मध्य रेल्वे आणि ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो एकत्र येतात, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ रिक्षासाठी रांग लागते. अशा ठिकाणी गेल्या काही वर्षांत विजेवरील सायकल दिसू लागली आहे. दूध टाकणारे, डबे पोचवणारे, घरपोच सामान देणारे आणि स्टेशन गाठणारे नोकरदार तिचा वापर करतात. गावाकडेही डेअरीवर दूध घालण्यासाठी व आठवडी बाजारासाठी ही सायकल घ्यावी काय, अशी विचारणा शेतकरी बंधू करू लागले आहेत.

मी कृषिविद्या शिकवतो, यंत्रे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय नाही. परंतु घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर माझे घर असल्याने रोज पहाटे स्टेशन गाठण्यासाठी मी ही सायकल वापरतो. शिवाय माझ्या चुलत भावाच्या सायकलीने आम्हा दोघांना बरेच शिकवले. तो मूळचा जुन्नर तालुक्यातला. घाटकोपरला सकाळी दुधाच्या पिशव्या टाकतो. चुलत्यांनी कांद्याच्या पट्टीतून पैसे दिले आणि त्याने ३२ हजार रुपयांची सायकल घेतली. पहिल्याच पावसाळ्यात ती चढावर बंद पडू लागली. सपाटीवर ठीक चाले, चढ आला की बंद. एका दुकानदाराने पाहताक्षणी सांगितले, “बॅटरी गेली, नवीन टाका, १४ हजार.” भाऊ गावाकडून पुन्हा पैसे मागवण्याच्या बेतात होता. प्रत्यक्षात दोष कोठे निघाला, हे पुढे दोषांच्या भागात दिले आहे. येथे एवढेच सांगतो की दुरुस्तीला २०० रुपयेही लागले नाहीत.

या वाहनाचा खरा खर्च विजेचा नसून बॅटरीचा आहे. बॅटरी किती वर्षे टिकवायची हे बऱ्याच अंशी वापरणाऱ्याच्या हातात असते. ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून पुढील माहिती दिली आहे.

सायकलची रचना

विजेवरील सायकल ही कल्पना नवी नाही. चाकाच्या तुंब्यात मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थाला १८९५ साली मिळाले होते. पायडल मारले की मोटरीने हातभार लावायचा, या पद्धतीची सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली बाजारात आणली. हलकी लिथियम बॅटरी स्वस्त झाल्यावर तिचा प्रसार वाढला.

या सायकलीत नेहमीच्या सायकलीपेक्षा चार भाग जास्त असतात. पहिला भाग बॅटरी, दुसरा बहुधा मागच्या चाकाच्या तुंब्यातील मोटर, तिसरा बॅटरीतील वीज मोटरीला मोजून देणारा कंट्रोलर आणि चौथा भाग म्हणजे संवेदक. पायडल फिरते आहे काय, ब्रेक दाबला आहे काय, ही खबर संवेदक कंट्रोलरला देतात. आपल्या विहिरीवरील पंपाशी तुलना केल्यास कंट्रोलर हा स्टार्टर आणि संवेदक ही त्याची बटणे समजावीत. पंप बंद पडला म्हणजे प्रत्येक वेळी मोटर जळालेली नसते. बऱ्याचदा फ्यूज, सैल तार किंवा स्टार्टरचा संपर्क बिंदू कारणीभूत असतो. सायकलीचेही तसेच आहे.

खर्चाचा हिशेब

सर्वसाधारण सायकलीत ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास क्षमतेची लिथियम बॅटरी असते. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-तास, अर्थात एक युनिटाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडी जास्त वीज. चार्जरमधील घट धरून पूर्ण चार्जिंगला सुमारे ०.४५ युनिट लागते. पायडल मारत चालवल्यास त्यात २५ ते ३० किलोमीटर अंतर होते. हिशेबासाठी २५ किलोमीटर, विजेचा दर युनिटला १० रुपये आणि नव्या बॅटरीची किंमत १२ हजार रुपये धरली आहे.

तक्ता : एका किलोमीटरचा खर्च

१) वीज : १८ पैसे
२) बॅटरीची झीज, ६०० चार्जिंग टिकल्यास : ८० पैसे
३) बॅटरीची झीज, ३०० चार्जिंग टिकल्यास : १ रुपया ६० पैसे
४) तुलनेसाठी पेट्रोल स्कूटर, लिटरला ४५ किलोमीटर व १०० रुपये दर धरून, केवळ इंधन : २ रुपये २२ पैसे

या तक्त्यावरून असे दिसते की, बॅटरी नीट सांभाळली तरी तिची झीज विजेच्या चौपटीहून अधिक महाग पडते. ती निम्म्या आयुष्यात गेली तर पेट्रोलच्या तुलनेत होणारी बचतही फारशी उरत नाही. विक्रेते “पाच रुपयांत दिवसभर फिरा” असे सांगतात. ते विजेपुरते खरे आहे, पण बॅटरीचा खर्च त्यात धरलेला नसतो. पीक उभे करताना आपण बियाणे व खताबरोबर जमिनीचा कसही हिशेबात धरतो. येथे बॅटरीची झीज तशीच धरावी.

निवड करताना

१. कायद्याची बाजू : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत मोटरीची मदत कमी होत जाऊन बंद पडत असेल, तर अशी पायडलची सायकल मोटार वाहन समजली जात नाही. पायडल थांबवल्यावर मदत बंद होणे, योग्य ब्रेक असणे, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असणे आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नसणे याही अटी आहेत. अशा सायकलीला नोंदणी व परवाना लागत नाही. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य चाचणी संस्थेचा दाखला त्या मॉडेलला आहे काय, हे विक्रेत्याला विचारून त्याची प्रत घ्यावी. केवळ तोंडी भरवशावर राहू नये.

२. वेगाची मर्यादा काढू नये : काही ठिकाणी कंट्रोलर बदलून वेग वाढवून दिला जातो. तसे केल्यास ती सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते, मग नोंदणी, परवाना व विमा नसताना ती चालवणे गुन्हा होतो. अपघात झाल्यास भरपाईचा प्रश्न अंगावर येतो. शिवाय जादा प्रवाहामुळे बॅटरी तापून लवकर निकामी होते.

३. बॅटरीचा प्रकार : लेड-अॅसिड बॅटरी स्वस्त असते, परंतु जड असते आणि खोलवर उतरवल्यास दोन-तीनशे चार्जिंगमध्ये थकते. बॅटरीवरील फवारणी पंप ज्यांच्याकडे आहे त्यांना याचा अनुभव असेल. हंगाम संपल्यावर पंप तसाच उतरलेल्या स्थितीत ठेवला तर पुढच्या हंगामात तो दोन टाक्याही मारत नाही. रोजच्या वापराच्या सायकलीसाठी लिथियम बॅटरीच घ्यावी. ती काढून घरात नेता येईल अशी असावी. चाळीत व झोपडपट्टीत जिन्याखाली सॉकेट नसते, हे घाटकोपरला घेणाऱ्याने विसरू नये.

४. सेवा : बॅटरी, चार्जर व कंट्रोलर यांची हमी किती महिन्यांची आहे हे पावतीवर स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. तीच बॅटरी तीन वर्षांनी सुटी मिळेल काय, हेही विचारावे. केवळ त्या एका कंपनीच्या साच्यात बसणारी बॅटरी पुढे मिळेनाशी झाली तर चांगली सायकल भंगारात जाते.

५. जुनी सायकल : वापरलेली सायकल घेताना बॅटरी पूर्ण चार्ज करून स्वतः दहा-पंधरा किलोमीटर चढासह चालवून पाहावी. जनावर घेताना आपण दात पाहतो व चालवूनही पाहतो, त्याप्रमाणे.

चढ आणि ओझे

घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्याला मोटरीची खरी कुवत चढावर कळते. माणूस, सायकल व पिशवी मिळून १०० किलो वजन असेल आणि १०० मीटरला ८ मीटर असा चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढायचा असेल तर सुमारे २३० वॅट शक्ती लागते. त्यात आणखी ४० किलो दूध चढवले तर ती ३२० वॅटवर जाते. म्हणजे २५० वॅटची मोटर एकटी हे काम करू शकत नाही. सामान्य प्रकृतीचा माणूस पायडलवर ७५ ते १०० वॅट सहज देतो. तेवढा हातभार लावला की काम सुलभ होते आणि मोटरही तापत नाही.

यावरून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. चढाच्या पायथ्यापासूनच पायडल मारावे, वेग पडल्यावर नव्हे. गिअर असल्यास हलका गिअर आधीच टाकावा. ओझे जास्त असल्यास दोन खेपा कराव्यात. अगदी सावकाश वेगात मोटर ओढत राहिली तर वीज गतीऐवजी उष्णतेत जाते, दोन फेजवर अडखळणाऱ्या पंपाप्रमाणे.

उतारावर बॅटरी आपोआप चार्ज होते, असा गैरसमज आढळतो. सर्वसाधारण सायकलीत तशी सोय नसते. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून वापरावेत. ही सायकल २० ते २५ किलोची असल्याने ब्रेकचे पॅड साध्या सायकलीपेक्षा लवकर झिजतात. महिन्यातून एकदा ते पाहावेत.

बॅटरीची निगा

१. बॅटरी रोज शून्यावर आणू नये. पाचवा हिस्सा शिल्लक असतानाच चार्जिंगला लावावी. रोजच्या वापराला ८० ते ९० टक्के पुरत असल्यास तेवढ्यावर काढावी. मात्र दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण चार्ज करून चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही तासभर ठेवावी. त्यामुळे आतील सेल एकमेकांच्या बरोबरीला येतात.

२. चढ चढून आल्याबरोबर चार्जिंग लावू नये. अर्धा तास बॅटरी थंड होऊ द्यावी. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंग टाळून पहाटे करावे. उष्णता ही लिथियम बॅटरीची मोठी शत्रू आहे. उन्हात लावलेल्या सायकलीची बॅटरी शक्यतो काढून सावलीत ठेवावी.

३. बॅटरीसोबत आलेलाच चार्जर वापरावा. दहा सेलच्या ३६ व्होल्ट लिथियम बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो. ३६ व्होल्ट लेड-अॅसिडचा चार्जर त्याहून जास्त व्होल्ट देतो. दोघांची पिन सारखी असली तरी अदलाबदल करू नये. यातून बॅटरी फुगण्याचा व आग लागण्याचा धोका असतो. चार्जरच्या पाठीवरील आकडे एकदा वाचून कागदावर लिहून ठेवावेत.

४. पेरणीला, गणपतीला किंवा लग्नसराईत महिनाभर गावी जाणाऱ्यांनी बॅटरी पूर्ण भरून अथवा रिकामी करून ठेवू नये. निम्मी, म्हणजे सुमारे ३८ व्होल्टवर, सायकलीतून काढून कोरड्या व हवेशीर जागी ठेवावी. दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिल्यास मध्ये एकदा तपासावी.

५. चार्जिंगची जागा : ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. २०२२ साली देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्या आणि त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. परंतु नोंदणी न लागणाऱ्या सायकलीच्या बाबतीत घेणाऱ्यानेच अधिक जागरूक राहणे इष्ट आहे. एका खोलीच्या घरात बॅटरी दाराजवळ किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच असते. अंथरूण, गॅस सिलिंडर व देवघरातील दिवा यांपासून दूर, खिडकीजवळ, फरशीवर ठेवावी. भिंतीतील अर्थिंग असलेल्या सॉकेटला चार्जर थेट जोडावा. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर पंखा, टीव्ही आणि चार्जर अशी गर्दी करू नये. रात्री सर्व झोपल्यावर चार्जिंग चालू ठेवू नये.

६. बॅटरी फुगली, आदळून तडा गेला, पाण्यात बुडाली, गोडसर किंवा औषधी वास येऊ लागला अथवा न वापरताही गरम लागली तर ती चार्ज करू नये. मोकळ्या जागी, माणसांपासून व जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून जाणकाराला दाखवावी. धूर येऊ लागल्यास हात न लावता सर्वांना बाहेर काढावे व अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे.

पावसाळ्यातील काळजी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा पाऊस दरवर्षी पडत नसला तरी सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी साचणे उपनगरांत नेहमीचे आहे. सायकलीच्या भागांवर आयपी अशी अक्षरे व दोन खुणा असतात. शेवटचा आकडा ४ असल्यास तो भाग उडणारे पाणी सहन करतो, बुडणे नव्हे. ७ असल्यास एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली असते. तथापि ही चाचणी नव्या भागाची असते. जुने रबर व सैल कनेक्टर यांचा तिच्यावर भरवसा नसतो.

पावसाळ्यापूर्वी पुढील कामे करावीत. मोटरीची तार चाकाच्या आसाजवळ शिरण्यापूर्वी खाली वळसा घेऊन वर जावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी वळशातून खाली पडते व मोटरीत जात नाही. स्टार्टरच्या पेटीत वायर नेताना आपण असाच वळसा ठेवतो. कनेक्टर उघडून कोरड्या कापडाने पुसावेत. हिरवट बुरशीसारखा थर दिसल्यास कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. डिस्प्लेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, मात्र बॅटरी व कंट्रोलर घट्ट गुंडाळू नयेत. आत बाष्प धरते व उष्णता बाहेर पडत नाही. धुताना पाण्याचा जोरदार फवारा वापरू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

चाकाचा मध्य बुडेल एवढ्या पाण्यातून सायकल चालवू नये. उतरून, वीज बंद करून, शक्य असल्यास बॅटरी काढून हातात घेऊन ढकलावी. वळवाच्या वादळात आडोसा घेतानाही विचार करावा. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर पूर्वेला छेडानगर येथे पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. फलक, जुने झाड आणि कच्ची भिंत यांखाली थांबू नये.

सामान्य दोष व उपाय

कोणताही दोष शोधताना प्रथम बॅटरीचे बटण बंद करावे. बॅटरीची दोन टोके पान्याने किंवा तारेने एकमेकांना लागल्यास मोठी ठिणगी उडते. म्हणून हातातील कडे व अंगठी काढून काम करावे. बॅटरीची पेटी स्वतः कधीही उघडू नये.

१. सायकल अजिबात सुरू होत नाही : बॅटरीचे बटण, कुलूप पूर्ण बसले आहे काय, फ्यूज आणि बॅटरीच्या तळाचे संपर्क बिंदू या क्रमाने पाहावे. मल्टिमीटर असल्यास बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असता ४१ ते ४२ व्होल्ट दाखवते.

२. डिस्प्ले लागतो पण मोटर फिरत नाही : ब्रेकच्या दांड्यात मोटर बंद करणारा स्विच असतो. दांडा पडल्यानंतर वाकला किंवा चिखलाने अडकला तर कंट्रोलरला ब्रेक दाबलेलाच आहे असे वाटते. दांडा बाहेर ओढून पाहावा. ते ठीक असल्यास पायडलजवळची लोहचुंबकाची चकती पाहावी. ती सरकून संवेदकापासून दूर गेली तर पायडल फिरल्याची खबर पोचत नाही. दोहोंत काही मिलिमीटरचेच अंतर असावे. शेवटी मोटरीचा कनेक्टर, त्यावरील बाणाच्या खुणा समोरासमोर आणून, सरळ दाबून बसवावा. पिळू नये, आतील पिना वाकतात.

३. मोटर घुमते, झटके देते पण ओढत नाही : ही खूण शेतकऱ्याला ओळखीची आहे. तीन फेजच्या पंपाची एक फेज गेली की मोटर घुमते, फिरत नाही. सायकलीच्या मोटरीलाही तीन जाड तारा असतात व बहुतेक मोटरींत चाकाची जागा सांगणारे बारीक संवेदकही असतात. त्यांपैकी एक तार तुटली की असेच होते. लगेच बंद करून कारागिराकडे न्यावी. तसेच चालवल्यास कंट्रोलर जळू शकतो.

हा दोष अनेकदा पंक्चर काढल्यानंतर उद्भवतो. मागचे चाक काढताना मोटरीची तार ओढली जाते. आसावरचे खाचेचे वॉशर उलटे बसवले किंवा नट सैल राहिले तर आस स्वतःभोवती फिरून तार कापतो. चाक काढण्यापूर्वी वॉशरचा क्रम फोनवर टिपून घ्यावा आणि पंक्चरवाल्याच्या शेजारी उभे राहावे.

४. सपाटीवर चालते, चढावर बंद पडते : हाच माझ्या भावाचा दोष. चढावर मोटर जास्त प्रवाह घेते, त्या वेळी व्होल्ट खाली येतात आणि सुमारे ३१ व्होल्टला कंट्रोलर संरक्षणासाठी सायकल बंद करतो. व्होल्ट दोन कारणांनी खाली येतात : बॅटरी खरोखर थकली असेल, किंवा वाटेत एखादा संपर्क खराब असेल. ओळखीच्या वायरमनच्या मदतीने आम्ही मल्टिमीटर हँडलला बांधला आणि एकच चढ दोनदा चढलो. पहिल्या खेपेला तारा बॅटरीच्या टोकाला लावल्या, तेथे चढावरही ३८ व्होल्ट होते. दुसऱ्या खेपेला कनेक्टरच्या पलीकडे, कंट्रोलरच्या बाजूला लावल्या, तेथे ३१. मधले सात व्होल्ट कनेक्टर खात होता. उघडल्यावर एक पिन हिरवी पडून काळपट जळालेली आढळली. पावसाचे पाणी आणि सैल पिन, एवढेच कारण. नवा कनेक्टर सोल्डर करून बसवला आणि आज दोन वर्षे तीच बॅटरी दूध वाहते आहे.

याचा अर्थ दुकानदार नेहमी फसवतो असा नाही. बॅटरी खरोखरही जाते. पण मोजल्याशिवाय “बॅटरी गेली” हे निदान मान्य करू नये. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका असे आम्ही सांगतो, तोच नियम येथे लागू आहे. दोन्ही ठिकाणी व्होल्ट सारखेच पडत असतील तरच बॅटरीकडे बोट दाखवावे.

५. पूर्वीपेक्षा कमी अंतर जाते : प्रथम टायरमधील हवा पाहावी. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या दाबाएवढी हवा आठवड्यातून एकदा भरावी. नंतर मागचे चाक उचलून हाताने फिरवावे. घासत असल्यास ब्रेक सैल करावा. चेनला तेल द्यावे. एवढे करूनही अंतर वाढले नाही तर बॅटरी दोन-तीनदा पूर्ण चार्ज करून, हिरव्या दिव्यावर तासभर ठेवून पाहावी. दर महिन्याला पूर्ण चार्जमध्ये किती किलोमीटर गेले याची नोंद वहीत ठेवल्यास घसरण हळूहळू आहे की एकाएकी, हे कळते. हळूहळू घट हे वयाचे लक्षण आहे, एकाएकी झालेली घट ही दोषाची खूण समजावी.

६. चार्जर लावताच हिरवा दिवा लागतो : बॅटरी भरलेली नसताना असे झाल्यास चार्जरकडून बॅटरीपर्यंत वीज पोचत नाही. पिन, फ्यूज किंवा बॅटरीतील संरक्षक पट्टी यांपैकी दोष असतो. दिवाच लागत नसेल तर आधी घरातील सॉकेट टेस्टरने तपासावे.

जोडसामान

जोडसामान निवडताना गरज, वजन आणि वीज या तीन गोष्टी पाहाव्यात.

आवश्यक : चांगले हेल्मेट, घंटी, पुढचा व मागचा दिवा, दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड, उजवा आरसा आणि चौकट व चाक दोन्ही अडकवणारे मजबूत कुलूप. पहाटे दूध टाकणाऱ्याने परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घालावे. लालबहादूर शास्त्री मार्गावर पहाटे जड वाहने वेगाने जातात आणि सायकलला आवाज नसल्याने ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

उपयुक्त : मागचे कॅरिअर व दोन्ही बाजूंच्या पिशव्या. कॅरिअरवर किती किलोची मर्यादा लिहिली आहे हे पाहावे. ओझे दोन्ही बाजूंना सारखे व जितके खाली तितके चांगले. हँडलला कॅन लटकवू नये, वळताना तोल जातो. जड ओझ्यासाठी दोन पायांचे स्टँड बसवावे. गावाकडच्या खडीच्या रस्त्यासाठी रुंद टायर व पंक्चर रोखणारे द्रव उपयोगी पडते.

टाळावे : मोठे हॉर्न, रंगीत दिव्यांच्या माळा आणि बॅटरीला थेट जोडलेले मोबाइल चार्जर. सायकलीची ३६ व्होल्टची वीज ५ व्होल्टवर आणणारा योग्य कन्व्हर्टर व स्वतंत्र फ्यूज नसेल तर फोन व सायकल दोन्हींचे नुकसान होते. तारेचे आवरण सोलून मध्येच जोड देणे तर कटाक्षाने टाळावे. असा प्रत्येक जोड पावसाळ्यात पाण्याला वाट देतो आणि हमीही रद्द होते.

निकामी बॅटरीचे काय करावे

जुनी लिथियम बॅटरी भंगारात, कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी परत देण्याची अट विक्रेत्याशी आधीच बोलून घ्यावी. “सेल बदलून देतो” असे सांगणाऱ्या रस्त्यावरील कारागिराकडून बॅटरी उघडून घेऊ नये. जुने-नवे सेल मिसळलेली बॅटरी घरात ठेवणे धोक्याचे आहे.

समारोप

विजेवरील सायकल रोजच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी, एका माणसासाठी व मर्यादित ओझ्यासाठी निश्चितच फायदेशीर आहे. ती मोटारसायकलची जागा घेईल किंवा शेतातून पोती वाहील अशी अपेक्षा ठेवून घेऊ नये. घेण्यापूर्वी आपल्या रोजच्या फेरीचे अंतर, चढ व ओझे कागदावर मांडावे.

लक्षात ठेवावयाचे मुद्दे थोडक्यात पुढीलप्रमाणे : चाचणीचा दाखला व हमी लेखी घ्यावी. चढावर पायडल मारावे. बॅटरी थंड झाल्यावर, त्याच चार्जरने, डोळ्यांसमोर व बाहेरच्या वाटेपासून दूर चार्ज करावी. पावसाळ्याआधी कनेक्टर पाहावेत. बॅटरी बदलण्यापूर्वी व्होल्ट मोजावेत.

आपला मुलगा, भाऊ किंवा भाचा मुंबईत अशी सायकल घेण्यासाठी गावाकडून पैसे मागत असेल, तर पैशांबरोबर हा लेखही त्याला जरूर वाचावयास द्यावा. कांद्याच्या पट्टीतून काढलेले १४ हजार रुपये एका हिरव्या पडलेल्या पिनेपायी जाऊ नयेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.